तांब्यासाठी पाच माणसं

निवृत्त माणसानं सकाळी फिरायला जावं, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून सरकारला नावं ठेवावीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या रघुवीरराव हुक्केरीकरांनीही तो बरीच वर्षं पाळला. मग एका रविवारी फोनवर त्यांच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि ते निभावण्यासाठी त्यांना चक्क यंत्रमानव करावा लागला.

त्यांची मुलगी निवेदिता पुण्याला असते. दर रविवारी ती फोन करते आणि दर रविवारी विषय एकच असतो. "बाबा, आता कायमचे पुण्याला या. तिथं तुमचं कोण आहे?"

"कोण म्हणजे? अख्खं बेळगाव आहे की."

"अख्खं राहू द्या. हाक मारली तर येतील अशी पाच माणसं सांगा."

"पाच कशाला, पन्नास सांगतो," असं रघुवीरराव जोरात म्हणाले आणि मनातल्या मनात मोजायला लागले. मग त्यांनी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. त्या वेळी घरात कुकर लावलेला नव्हता.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रमानवांची स्पर्धा होणार होती. खुल्या गटाला वयाची अट नव्हती. यंत्रानं करायचं एवढंच, की खोलीत फिरणाऱ्या पाच पाहुण्यांना कॅमेऱ्यानं ओळखून प्रत्येकाला एकदा, एकदाच, पाण्याचं भांडं द्यायचं. पाहुणे मात्र ज्याचे त्यानं आणायचे. पाच हा आकडा वाचून रघुवीररावांना हा आपल्यालाच घातलेला टोमणा आहे असं वाटलं. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी माझी पाच माणसं तुला व्हिडिओवर दाखवतो. दाखवली तर पुण्याचा विषय कायमचा बंद."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर सामान बांधतो," रघुवीरराव म्हणाले. स्वाभिमानी माणसाचं असंच असतं, तो आधी बोलतो आणि घाम त्याला नंतर फुटतो.

यंत्राची त्यांना मुळीच धास्ती नव्हती. त्यांची सगळी नोकरी तंत्रनिकेतनच्या प्रयोगशाळेत गेलेली. चार चाकं, एक उभा पाईप, पाईपाच्या टोकाला कॅमेरा, कमरेला स्वयंपाकघरातला स्टीलचा ट्रे आणि पोटात जुना लॅपटॉप, असं ते पंधरवड्यात उभं राहिलं. शेजारच्या जयाबाईंनी त्याला पाहिल्या दिवशीच तांब्या हे नाव ठेवलं, कारण आल्यागेल्याला पाणी देणं हे तांब्याचंच काम. रघुवीररावांनी स्वतः एक भारदस्त संस्कृत नाव योजलं होतं, पण ते जयाबाईंच्या तोंडी बसलं नाही आणि गल्लीत जयाबाईंच्या तोंडी जे बसत नाही ते टिकत नाही.

अडचण कॅमेऱ्याची होती. प्रत्येक पाहुण्याच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं एक कार्ड लावायचं. कॅमेरा ते कार्ड शोधणार, त्याला नंबर देणार आणि पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट काढणार. माणूस सरकला की चौकट त्याच्या मागं सरकणार. दोन माणसं एकमेकांसमोरून गेली तरी याचा नंबर त्याला लागता कामा नये, आणि ज्याला पाणी मिळालं त्याच्याकडे पुन्हा जाता कामा नये. पंगतीतल्या वाढप्याला हे सहज जमतं, म्हणून आपण त्याचं कौतुक करत नाही.

आता एकावेळी पाच जणांवर नजर ठेवायची तालीम करायची, तर घरात पाच जण पाहिजेत. घरात रघुवीरराव होते, आणि तेही यंत्र चालवायच्या गडबडीत. म्हणून त्यांनी पाच खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्या पाठींवर कार्डं टाचली. त्यातली खिडकीजवळची खुर्ची त्यांच्या पत्नीची, सरोजिनीबाईंची होती. त्या गेल्यापासून तिच्यावर फक्त इस्त्रीचे कपडे बसत. त्या खुर्चीला कार्ड लावावं की नाही, यावर रघुवीररावांनी बराच विचार केला आणि शेवटी कपडे उचलून लावलं. तांब्या निघाला. ठेच न लागता एकेका खुर्चीसमोर जाऊन थांबला, कुणाला दोनदा पाणी नाही, कुणाला चुकवणं नाही. खुर्च्यांनी पाणी घेतलं नाही, तेव्हा ती पाचही भांडी रघुवीररावांनीच प्यायली. रोज संध्याकाळी असं पाणी पिऊन त्यांची तब्येत मात्र सुधारली.

भांडं देताना यजमानानं "घ्या, पाणी घ्या" म्हणावं, अशी त्यांची जुनी सवय. ती त्यांनी खुर्च्यांच्या बाबतीतही सोडली नाही. एका संध्याकाळी जयाबाई कढीपत्ता मागायला आल्या आणि खिडकीतून बघतात तर पाच रिकाम्या खुर्च्या, मधे फिरणारं यंत्र आणि रघुवीरराव हात जोडून म्हणतायत, "घ्या हो, संकोच करू नका."

"कोण आलंय काय हो?" जयाबाईंनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. नुसती तालीम."

जयाबाई कढीपत्ता न घेताच गेल्या. रात्री त्यांच्याकडून वाटीभर आमटी आली आणि तिच्याबरोबर निरोप, की काका, चार दिवस मुलीकडे जाऊन या, हवापालट होईल. गल्लीतली माणसं त्यांच्याशी जरा सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागली ती त्या दिवसापासून. रघुवीररावांना याचा फार राग आला, पण आमटी चांगली झाली होती.

खुर्च्यांचा मुख्य दोष असा, की त्या हलत नाहीत. स्पर्धेतले पाहुणे फिरणार होते. म्हणून त्यांनी पाच दोऱ्यांनी पाच कार्डं पंख्याला टांगली आणि पंखा एकवर ठेवला. सुरुवातीला सगळं छान चाललं. पाहुणे संथपणे दिवाणखान्यात प्रदक्षिणा घालत होते आणि तांब्या त्यांच्या मागं अदबीनं. मग जुन्या रेग्युलेटरनं स्वतःच्या मर्जीनं एकवरून पाचवर उडी मारली. पाहुणे गरगरायला लागले, त्यांच्या मागं तांब्याही गरगरायला लागला आणि भांड्यांतलं पाणी सोफ्यावर, भिंतीवर आणि रघुवीररावांच्या चष्म्यावर गेलं. एक कार्ड तुटून उडालं ते थेट देव्हाऱ्यात जाऊन बसलं. तांब्यानं इमानदारीनं ते हेरलं आणि रिकामा ट्रे घेऊन तो देवासमोर उभा राहिला. तिथून तो काही केल्या हलेना.

त्या रात्री त्यांना कबूल करावं लागलं, की माणसांना पर्याय नाही. माणसंच बोलवावी लागतील.

आता इथं रघुवीररावांनी एक चूक केली. त्यांनी माणसांना कारण न सांगता बोलावलं. "शनिवारी संध्याकाळी या," म्हणाले. समोरच्यानं विचारावं, "काय विशेष?" की हे म्हणत, "काही नाही. नुसतं या." यंत्राला पाहुणे पाहिजेत असं सरळ सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण तसं सांगणं म्हणजे आपल्याला पाच माणसं जमत नाहीत असं स्वतःच्या तोंडानं सांगणं, आणि ते त्यांच्या जिवावर आलं.

आपल्या लोकांना बारशाला बोलवा, वास्तुशांतीला बोलवा, ते मुलाबाळांसकट येतील. मयताला तर न बोलावता येतील. पण 'नुसतं या' म्हटलं की ते कारण शोधायला लागतात. समोर राहणारे नाडगौडा वकील त्याच दुपारी येऊन दार लोटून बसले. "रघुवीरराव, मृत्युपत्र करायचं मनात आहे काय? साक्षीदार गोळा कराल्यासा म्हणून ऐकलं."

"छे हो."

"नाही, करायचं असेल तर चांगलंच आहे. फक्त साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या."

जयाबाईंना घर विकायचा संशय आला. "विकणार असाल तर बाहेर बोलू नका, माझा भाचा बघालाय की घर," असं त्या दोनदा सांगून गेल्या. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी, त्यांच्याकडे वजन कमी करायची पावडर आधीच दोन डबे आहे, आणखी नको, असं परस्पर कळवलं. आणि रोज दूध घालणारा बेळगुंदीचा मष्णू, जो सकाळी दूध घालून दिवसभर उद्यमबागेत कारखान्यात काम करतो, तो दारात घोटाळत म्हणाला, "सर, लोक काय बी बोलत्यात. पर तुमी करनार असशीला, तर माजी काय हरकत न्हाय."

"काय करणार असेन?"

"लगीन," मष्णू लाजत म्हणाला आणि किटली उचलून गेला.

शनिवारी रघुवीररावांनी शिरा केला. भरपूर केला, वर काजूही घातले. पाच खुर्च्या पुसल्या. दिवे लागले, कुत्री भुंकायची थांबली, रस्त्यावरच्या पोरांना आयांनी आत बोलावलं, तरी कुणी आलं नाही. तांब्या दाराकडे कॅमेरा करून उभा होता आणि पडद्यावर एकही हिरवी चौकट नव्हती. नंतर बरेच दिवस रघुवीरराव शिरा खात होते. काजू घालायला नको होते, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

ओळखीच्या माणसांकडे मागणं जड जातं, अनोळखी माणसांकडे तेवढं जात नाही. म्हणून एका सकाळी त्यांनी तांब्याला रिक्षात घालून बागेत नेलं आणि फिरायला आलेल्या लोकांना सरळ विनंती केली, "हे जरा छातीवर लावाल काय? आणि नुसतं फिराल काय?" आश्चर्य म्हणजे लोक आनंदानं तयार झाले. कुणी विचारलंसुद्धा नाही. एक कार्ड शहाळीवाल्यानं लावलं. त्याच्या गिऱ्हाइकांना ते पैसे भरायचं चौकोनी चित्र वाटलं. शहाळं पिऊन झालं की जो तो त्याच्या छातीवर मोबाइल धरून उभा राहायचा आणि "नेटवर्क नाही काय इथं?" म्हणून वैतागायचा. तांब्या कार्डाच्या मागं त्या गर्दीत शिरत होता आणि गिऱ्हाइकं त्याच्या ट्रेवरचं पाणी उचलत होती, म्हणजे तो शहाळीवाल्याच्या धंद्याच्या मुळावरच आला होता. तरी रघुवीरराव खूष होते. पडद्यावर पाच चौकटी खऱ्याखुऱ्या माणसांबरोबर हलत होत्या.

तेवढ्यात हवालदार आला. एक नोव्हेंबर जवळ आलेला. त्या दिवशी इथली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाच्या आसपास छातीवर काळं काही लावून चार माणसं एकत्र फिरली, की बेळगावात पोलिसांचे कान कसे टवकारतात हे रघुवीररावांना जन्मापासून ठाऊक होतं. पण यंत्राच्या नादात ते विसरले होते. "एन्री इदु?" हे काय, असं हवालदारानं कार्डाकडे बोट दाखवून कन्नडात विचारलं आणि मग मराठीत आला, "कुठली संघटना री तुमची?"

"संघटना नाही हो. मी एकटाच आहे."

"एकटा? मग हे पाच जण?"

"यांना मी ओळखत नाही."

हे उत्तर खरं होतं, पण चौकीत सांगण्यासारखं नव्हतं. त्यात रघुवीररावांनी खुलासा केला, की हे यंत्र कॅमेऱ्यानं माणसं हेरतं आणि ती कुठं कुठं जातात ते लक्षात ठेवतं. त्या खुलाशानं प्रकरण मिटायचं ते वाढलं. तांब्याला जीपमध्ये पुढं बसवलं आणि रघुवीररावांना मागं. चौकीत प्रात्यक्षिक झालं. हवालदाराच्या छातीवर कार्ड लावलं, तांब्या त्याच्यासमोर गेला, हवालदारानं भांडं उचललं, पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "चांगलं आहे री." तेवढ्यात जयाबाईंकडून बातमी लागून नाडगौडा वकील काळा कोट चढवून धावत आले. सोडवायला काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी कायद्यावर थोडं भाषण केलं आणि मग बाकावर बसून विचारलं, "खरं सांगा आता. हे सगळं कशासाठी?"

रघुवीररावांनी सांगितलं. पुण्याचा फोन, पैज, पाच खुर्च्या, शिरा, सगळं. सांगून झाल्यावर ते पाणी मागणार, तर तांब्यावरची भांडी संपली होती.

"अहो, मग आधीच असं सांगायचं नाही काय?" वकील म्हणाले. "पाणीच प्यायचं आहे नव्हे? येतो की!"

एकदा कारण कळल्यावर माणसं जमायला वेळ लागला नाही. वकील झाले, जयाबाई झाल्या. मष्णू म्हणाला, मी येतो आणि आईला बी आनतो, तिला डोळं दाखवायला शेरात आनायचंच हाय. त्याची आई मालुबाई. पाचवा माणूस मात्र रघुवीररावांनी मनात कधीचाच धरून ठेवला होता. निपाणीचा भरमू. प्रयोगशाळेत तो त्यांच्या हाताखाली शिपाई होता, निम्मी नोकरी दोघांनी एकाच डब्यात जेवून काढलेली. फोन केल्यावर तो ओरडलाच, "सर, तुमी बोलवा आनि भरमू न्हाय म्हनला, असं कदी झालंय काय?" हे ऐकून रघुवीररावांना जे बरं वाटलं ते यंत्र चालू झाल्यावरही वाटलं नव्हतं. तालमीला सगळे एकत्र सापडेनात, तेव्हा त्यांनी ठरवलं, की राहू दे. पाणी प्यायला कसली तालीम?

स्पर्धेच्या दिवशी कॉलेजचा हॉल गजबजलेला होता. एकसारखे शर्ट घातलेल्या पोरांची पथकं, त्यांचे मार्गदर्शक, त्यांचे आईवडील. नावनोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी रघुवीररावांच्या मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "बाकीची टीम?"

"येतेय," रघुवीरराव म्हणाले. वकील आले होते. जयाबाई काठाची साडी नेसून आल्या होत्या. मष्णू आणि मालुबाई पहिल्याच बसनं आले होते. भरमूचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी फोन वाजला.

"सर, निगालोच हुतो बगा. स्टँडवर पोचलो, आनि इचलकरंजीच्या बसमधनं लेक उतरली. न सांगता आली. नातवाला घिऊन." भरमूच्या आवाजात लाज होती आणि लाजेच्या वर आनंद होता. "आता तिला सोडून कसा येऊ, सर?"

"कशाला सोडतोस? राहा तू," रघुवीरराव म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. त्यांना राग यायला हवा होता. राग आला नाही, हेवा वाटला. साठी उलटलेल्या माणसाला आपल्या शिपायाचा हेवा वाटावा हे बरं नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं, पण तो काही गेला नाही.

फाटकावर बंदोबस्ताला तोच हवालदार उभा होता. रघुवीररावांनी त्याला गाठून अडचण सांगितली. "बरतेन्री," तो म्हणाला, "येतो की. त्या दिवशी पाणी चांगलं होतं तुमचं." अशा रीतीनं पाच झाले. रघुवीररावांनी निवेदिताला व्हिडिओ लावून मोबाइल खांबाला टेकवला आणि शिट्टी वाजली.

हॉलच्या मोठ्या पडद्यावर पाच हिरव्या चौकटी उमटल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाहुणे फिरायला लागले. वकील मालुबाईंसमोरून गेले, हवालदार वकिलांमागं लपला आणि निघाला, मष्णूनं दिशा बदलली, पण एकाचाही नंबर इकडचा तिकडं झाला नाही. परीक्षकांनी माना डोलावल्या. तांब्या वळला आणि ऐटीत नाडगौडा वकिलांसमोर जाऊन थांबला.

"नको नको," वकील मागं सरत म्हणाले, "आत्ताच चहा झालाय. आधी त्यांना."

तांब्या ठरल्याप्रमाणे थोडा थांबला आणि जयाबाईंकडे गेला. "अगोबाई, मला कसं? मालुआक्का हाईत की. थोरांना सोडून मी घेऊ काय?"

तांब्या मालुबाईंकडे गेला. "माजं काय बाबा, म्या घरचीच म्हातारी. त्या पोलिसास्नी दे, उन्हात हुबं ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या आणि तांब्याच्या पाईपावरून हात फिरवत पुटपुटल्या, "दमलास न्हवं रं?"

तो मष्णूकडे गेला. मष्णू रेषेबाहेर उभ्या असलेल्या रघुवीररावांना म्हणाला, "सर, तुमच्या आदी म्या? बरं दिसंल काय?"

"घे रे मष्णू! घ्या हो सगळे!" रघुवीरराव ओरडले. परीक्षकांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. फक्त हवालदारानं, समोर आल्याबरोबर, भांडं उचललं आणि रिकामं करून ठेवलं. सबंध पथकात नियमानं वागणारा तेवढाच एक सरकारी माणूस होता.

तांब्यानं पुन्हा फेरी सुरू केली. पुन्हा नको नको, पुन्हा आधी त्यांना. "भांडं हातात घ्या," परीक्षकांनी कळवळून सांगितलं. त्यावर वकिलांनी त्यांना गाठून, पहिल्या बोलण्याला पाणी घेणं ही कुठली रीत, असा मुद्दा काढला. आणि ते ऐकत उभ्या असलेल्या जयाबाईंना त्या यंत्राची दया आली. "बिचारं किती फिरंल ते! द्या इकडं," म्हणत त्यांनी ट्रे उचलला, पदर खोचला आणि स्वतः सगळ्यांना पाणी वाटलं. त्यांच्या हातचं मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं घेतलं. रिकाम्या कमरेनं तांब्या एकेकासमोर जाऊन उभा राहत होता, आणि पडद्यावर पाचही चौकटी अगदी बिनचूक हलत होत्या. शिट्टी वाजली. गुण एक.

गंमत म्हणजे पाहुण्यांना आपण जिंकलो असंच वाटत होतं. "बघा सर, एक थेंब सांडला न्हाय," मष्णू म्हणाला. सगळ्यांनी फोटो काढले. मग मालुबाईंची बेळगुंदीची बस होती, वकिलांकडे पक्षकार यायचे होते, जयाबाईंचं दळण राहिलं होतं आणि हवालदाराची पाळी संपायची होती. "या की एकदा घरी, निवांत," असं जाताना प्रत्येक जण म्हणाला. कधी, ते कुणी म्हणालं नाही, आणि रघुवीररावांनीही विचारलं नाही. तांब्याला रिक्षात घालून ते एकटे घरी आले.

संध्याकाळी निवेदिताचा फोन आला. ती हसत होती. "बाबा, गुण मिळाले नाहीत, पण पैज जिंकलात. पाच माणसं बघितली मी. पुण्याचा विषय बंद."

"बंद," रघुवीरराव म्हणाले.

आजवर दर रविवारी त्या एका विषयावर दोघं भांडत आली होती. आता तो बंद झाला होता आणि दुसरा विषय काही निघेना. रघुवीररावांच्या लक्षात आलं, की पुढच्या रविवारी तिनं फोन करावा असं आता काही उरलेलं नाही.

"ते पोलीस कोण होते हो?" तिनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

खोटं बोलायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. "तो फाटकावरचा," ते म्हणाले. "भरमू यायचा होता, पण त्याची लेक आली अचानक. न सांगता आली म्हणे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू कधी येतेस गं?"

"येते ना. पण दिवाळीला जोडून घेतली त्यात रजा संपली माझी, आणि मधेच मागायची तर कारण लिहावं लागतं. तुम्ही ठणठणीत आहात, घरात काही कार्य नाही. काय लिहू सांगा."

रघुवीररावांनी खोलीत बघितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "लिही, वडिलांकडे एक माणूस कमी पडतंय."

पलीकडून बारीक आवाज आला.

"किती दिवसांची टाकू, बाबा?"

रघुवीररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि या वेळी बोट ठेवून, मोठ्यानं मोजायला लागले.